पानावरचे दोन शब्द

आमच्या सासूबाईंचे माहेर ग्वाल्हेरचे आणि सासर बडोद्याचे. पासष्ट वर्षांपूर्वी त्या या घरात आल्या, तेव्हा त्यांचा पहिला मतभेद झाला तो स्वयंपाकावरून नव्हे, मानपानावरूनही नव्हे. तो झाला मेंढीकोटावरून. त्यांच्या माहेरी हुकमाचे पान आधीच बंद करून ठेवण्याची रीत होती. आमच्याकडे उतारीच्या रंगाचे पान हाती नसले, की जे पान टाकून तोडावे तोच हुकूम. नव्या सुनेने पहिल्याच डावाला ‘हे असे नसते’ असे म्हटले, आणि मामंजींनी शांतपणे ‘या घरात असेच असते’ असे उत्तर दिले. सासूबाई हा प्रसंग अजून सांगतात व शेवटी म्हणतात, “कुठे लिहून ठेवलेले असते, तर मी दाखवले असते.”

लिहून ठेवले म्हणजे वाद मिटतो, अशी त्यांची श्रद्धा. माझीही होती. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईची दुसरी काय असणार? ती श्रद्धा यंदाच्या मे महिन्यात डळमळली, आणि तीही एका पत्त्यांच्याच खेळाने.

धाकटी लेक बंगळुरास असते. तिचा मुलगा सुटीला आला तो एक जाडजूड पेटी घेऊन. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम’ हे त्या खेळाचे नाव. नेट फ्रेंच यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील फँटसी फ्लाइट गेम्स या संस्थेने २०११ साली काढला, आणि २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. आधार अर्थातच टॉल्किन यांच्या १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिखंडात्मक कादंबरीचा. यातली मौज अशी, की खेळणारे सारे एकाच बाजूला असतात. प्रत्येकाच्या ताब्यात जास्तीत जास्त तीन वीर आणि निदान पन्नास पानांचा आपला जोड. समोर मात्र माणूस नाही. समोर असतो तो पानांचाच एक गठ्ठा. त्यातून अरण्ये, कोळी, राक्षस आणि नाना संकटे एकामागून एक उलगडत जातात. प्रत्येक खेळाडूचा एक ‘धोक्याचा आकडा’ असतो. तो त्याच्या वीरांवरून ठरतो व दर फेरीला निदान एकाने चढतो. पन्नासावर पोचला, की तो खेळाडू बाद. जिंकले तर सगळे जिंकतात, आणि हरले तर सगळेच.

मामंजी गेले, त्यांच्या मागोमाग सासूबाईंची पत्त्यांतली जोडीदारीणही गेली, आणि आमच्या घरातला चौघांचा डाव मोडला तो मोडलाच होता. त्यामुळे चौघांना खेळता येईल असे काही आले आहे, हे कळताच त्या चष्मा पुसत येऊन बसल्या. अडचण एकच होती. पानांवरचा मजकूर इंग्रजी, आणि सासूबाईंचे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. उलट नातवाला मराठी बोलता येते, पण वाचताना तो जोडाक्षरापाशी थबकतो. तेव्हा मी पदर खोचला आणि सांगितले, की मी प्रत्येक पानाचे मराठी करते. चिठ्ठ्या लिहायच्या व पानांच्या पारदर्शक वेष्टनांत सरकवायच्या. दोघांचीही सोय होणार होती. दोघांची म्हणण्यापेक्षा माझ्या हौसेची सोय झाली, असे आता वाटते.

नावे देण्यात फारच रंगत आली. ज्या पानाने हातातला एखादा साथीदार अवचित डावात उतरवता येतो आणि तो टप्पा संपताच परत हाती घ्यावा लागतो, त्याला मी ‘गनिमी कावा’ म्हटले. शत्रूला चकवणाऱ्या पानाला ‘हुलकावणी’, आणि त्याला जखडून टाकणाऱ्या पानाला ‘रानफास’. सासूबाई खूष झाल्या.

खरी कसोटी लागली ती साध्या शब्दांपाशी. इंग्रजीतला ‘यू’ हा शब्द घ्या. आपल्याकडे त्याला तू, तुम्ही आणि आपण अशी तीन दारे आहेत, आणि चौथे म्हणजे ‘आपण सगळे’ या अर्थाचे. त्या खेळात एक डोंगरी राक्षस आहे. तो ज्याच्यावर घाव घालतो त्याला मारून जे बळ उरेल, तेवढ्याने ‘युवर’ धोक्याचा आकडा वाढवावा, अशी त्याच्या पानावर आज्ञा आहे. सासूबाईंच्या हाती जायची चिठ्ठी म्हणून मी आदराने लिहिले, ‘आपला आकडा वाढवावा’. परिणाम असा झाला, की पहिल्या दिवशी राक्षसाने एका साथीदाराला मारले आणि आम्ही चौघांनीही आपापले आकडे निमूटपणे वाढवले. सगळे एका बाजूचे, तेव्हा ‘आपला’ म्हणजे सर्वांचा, हे कोणालाही खटकले नाही. इंग्रजी वाक्याला तो घोळ ठाऊकच नव्हता. तिथे ‘यू’ म्हणजे ज्या खेळाडूशी राक्षस त्या घटकेला झुंजत आहे तो एकटा. मराठीत नेमके लिहायचे, तर आदर बाजूला ठेवून ‘ज्याच्याशी झुंज चालू असेल त्याचा’ असे लांबलचक लिहावे लागले.

काही ठिकाणी मराठी इंग्रजीहून सरस ठरली, हेही सांगितले पाहिजे. गॅन्डाल्फ या जादूगाराचे पान पाच नाणी मोजून खेळावे लागते. तो डावात आला, की तीन पाने उचलणे, एका शत्रूवर चार घाव घालणे किंवा आपला आकडा पाचाने उतरवणे, यांपैकी एक गोष्ट करता येते. गनिमी काव्याला लागते अवघे एक नाणे. त्या एका नाण्यात गॅन्डाल्फला उतरवले, तर त्याची करामत चालावी की नाही? आमच्या ह्यांचे म्हणणे, चालू नये. पाच नाणी दिली नाहीत, म्हणजे पान ‘खेळले’ नाही. पण पानावरची अट ‘खेळल्यावर’ अशी नव्हती; ‘डावात आल्यावर’ अशी होती. मराठीत खेळणे, आणणे आणि येणे ही तीन क्रियापदे शेजारी मांडली, तेव्हा तंटा पाच मिनिटांत मिटला. पान खेळा किंवा आणा, ते येतेच. त्या दिवशी प्रामाणिक वाचन आमच्या फायद्याचे निघाले. नेहमीच तसे निघेल, असा आमचा समज झाला असावा.

दुसऱ्या मोहिमेत नदीकाठच्या वाटेवर हा डोंगरी राक्षस आडवा येतो, आणि तो जिवंत असेपर्यंत पुढचा टप्पा उघडत नाही. त्याचे बळ सहा, ढाल तीन, आणि प्राण नऊ घावांचा. त्या मोहिमेत आम्ही पाच वेळा हरलो होतो. नातवाला परत जायला तीन दिवस उरले होते, आणि सहाव्या डावालाही चिन्हे बरी नव्हती. राक्षस सासूबाईंच्या अंगावर आलेला, त्यांच्याकडे झुंजायला कोणी ताजे नाही, आणि माझा आकडा सत्तेचाळीस. एवढेच बरे होते, की आदल्या फेरीत गॅन्डाल्फने राक्षसावर चार घाव घातले होते. पाच उरले होते. ढालीचे तीन धरून आठ बळ एकवटले, तर तो पडणार.

नातवाने सासूबाईंसमोरच्या राक्षसाला हुलकावणी दिली. मी गनिमी कावा टाकून आर्नोरचा पुत्र उतरवला. या साथीदाराची खासियत अशी, की तो दुसऱ्या खेळाडूशी झुंजणारा शत्रू आपल्याकडे ओढून आणतो. राक्षस माझ्यासमोर आला. मी हुलकावणीची चिठ्ठी मोठ्याने वाचली : ‘त्या शत्रूला हल्ला करता येत नाही.’ म्हणजे आता भय नाही. मग माझा अ‍ॅरागॉर्न तीन, आर्नोरचा पुत्र दोन, आणि लांबून बाण सोडणारा नातवाचा लेगोलास तीन. बरोबर आठ, एकही वर नाही. राक्षस पडला. वाट मोकळी झाली, आणि तासाभराने आम्ही ती मोहीम जिंकलो. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. डावांची नोंद ठेवायला नातवाने एक वही केली होती. तीत त्याने त्या दिवसाच्या तारखेपुढे मराठीत ‘विजय’ असे लिहिले. व वरची वेलांटी चुकली नाही, याचा मला विजयाहून जास्त आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाने लावत बसला होता. मध्येच उठून माझ्याकडे आला व म्हणाला, “आजी, या चिठ्ठीत दोन शब्द कमी आहेत.”

मी पाहिले. इंग्रजी पानावर ‘त्या शत्रूला त्या खेळाडूवर हल्ला करता येत नाही’ अशा अर्थाचे वाक्य होते. ‘त्या खेळाडूवर’ हे दोन शब्द मी गाळले होते. का गाळले, तेही मला आठवले. ‘त्या शत्रूला त्या खेळाडूवर’ अशी ‘त्या’ची द्विरुक्ती माझ्या कानाला बरी वाटली नव्हती. वाक्य सुबक करावे, म्हणून मी त्याला कात्री लावली होती. मुलांच्या उत्तरपत्रिकांत एक शब्द गळाला तरी अर्धा गुण कापणारी मी!

हुलकावणी होती ती सासूबाईंपुरती. राक्षस माझ्याकडे ओढला गेला, त्या क्षणी ‘तो खेळाडू’ बदलला, आणि त्याला माझ्यावर हल्ला करायची पूर्ण मोकळीक होती. आर्नोरच्या पुत्राला आडवा घातला असता, तर त्याची ढाल शून्य व प्राण दोन. उरलेल्या चारांनी माझा सत्तेचाळीसचा आकडा एक्कावन्न झाला असता, आणि मी बाद. कोणालाच आडवे घातले नसते, तर साऱ्या घावांसाठी एकच वीर निवडावा लागला असता. पाच घावांचा अ‍ॅरागॉर्न पडला असता आणि आठातले तीन गेले असते; दुसरा वीर पुढे केला असता, तर तो मरून आकडा दोनाने वाढला असता. म्हणजे राक्षस मारायचा, तर निदान एक वीर द्यावाच लागला असता, आणि पुढचा डाव तीन नव्हे, दोनच वीरांनिशी खेळावा लागला असता.

आता वादाला तोंड फुटले. ह्यांनी विजयाचे वकीलपत्र घेतले. त्यांचे म्हणणे असे, की शब्दाला चिकटू नये, हेतू पाहावा. शत्रूला एकदा हूल दिली, की तो भांबावला. मग त्याला कोणी ओढून कुठेही नेले, तरी तो लगेच सावध कसा होईल? लिहिणाऱ्याने ‘त्या खेळाडूवर’ म्हटले, ते त्या वेळी समोर तोच एक होता म्हणून. हा युक्तिवाद मला मनापासून पटावा अशी माझी फार इच्छा होती. पण नातवाने रानफासाचे पान पुढे केले. तिथे मूळ इंग्रजीतच ‘शत्रूला हल्ला करता येत नाही’ एवढेच वाक्य आहे. खेळाडूचे नाव नाही. ज्याला सरसकट बंदी घालायची असते तेव्हा ती घालता येते, त्याने हुलकावणीच्या पानावर दोन शब्द जास्त खर्च केले, ते उगाच का? मीमांसकांनी वेदवाक्यांचा अर्थ लावताना हाच दंडक पाळला : अर्थ लागत असताना कोणताही शब्द निरर्थक मानायचा नाही. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी अर्थनिर्णयाची सहा प्रमाणे त्यांनी उतरत्या बळाने लावली आहेत. शब्दाने जे सरळ सांगितले ते सर्वांत बलवान. संदर्भाचा आधार त्याच्या खालचा. ह्यांचा ‘हेतू’ प्रकरणाच्या पायरीवरचा होता, आणि पोराचे बोट श्रुतीवर होते. चौदा वर्षांच्या मुलाने जैमिनीचे नाव ऐकलेले नसून तो नेमका त्याच वाटेने गेला, याचे मला कौतुक वाटले. पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

खेळाच्या नियमपुस्तिकेतही अशी काही सूत्रे आहेत. पुस्तिका आणि पान यांत विरोध आला, तर पानाचे ऐकायचे, हा सुवर्णनियम. आपल्या वैयाकरणांचे उत्सर्ग आणि अपवाद यांचे नाते हेच. तरीही लिहिणाऱ्यांच्या दृष्टीतून काही निसटतेच. बेरावोर नावाच्या वीरांगनेला दमवून दोन पाने उचलता येत. लोकांनी तिला पुन्हापुन्हा ताजी करून एकाच फेरीत पाने उपसायला सुरुवात केली. शेवटी ‘फेरीत एकदाच’ अशी अधिकृत दुरुस्ती करावी लागली. ज्यांनी तसे केले त्यांनी एकही शब्द मोडला नव्हता, हेही खरे.

या सर्वांत मला विचार करायला लावले ते त्याच संस्थेच्या दुसऱ्या एका खेळाने. २०१६ साली निघालेला ‘अर्कहॅम हॉरर’चा पत्त्यांचा खेळ हाही असाच, सर्वांनी मिळून खेळायचा. त्याच्या नियमांत असे सांगितले आहे, की एखाद्या शंकेचे उत्तर कुठेच सापडत नसेल, तर जिंकण्याच्या दृष्टीने त्या घटकेला जो अर्थ सर्वांत वाईट दिसेल तो घ्या आणि पुढे चला. प्रथम वाचताना हे क्रूर वाटते. पण मेंढीकोट आठवून पाहा. तिथे मी हात चोरला, तर विरुद्ध बाजूचा खेळाडू क्षणात माझा पत्ता धरतो. नियमाची राखण त्याचा स्वार्थच करतो. सगळे एका बाजूला बसले, की ती राखण करायला कोणी उरत नाही. चौघांनाही जिंकायचे असते, आणि संदिग्ध वाक्य चौघांनाही एकाच दिशेला कललेले दिसते. माझी चिठ्ठी त्या संध्याकाळी कोणीच मूळ पानाशी ताडून पाहिली नाही. ‘आपला’ शब्दाने सर्वांचे आकडे वाढत होते, तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी चूक सापडली होती! आमचे नुकसान करणारी चूक आम्ही एका दिवसात हुडकली, आणि फायद्याची चूक साखर ठेवून साजरी केली.

नातू गप्प बसला होता. स्वतःच शोधलेल्या चुकीने स्वतःचाच विजय जातो आहे, हे त्याला आता उमगू लागले होते. तो हळूच म्हणाला, “पण पणजी, कोणाचे नुकसान कुठे झाले? आपल्याविरुद्ध तर कोणीच नव्हते.”

सासूबाई इतका वेळ ऐकत होत्या. मीमांसा, उत्सर्ग, अपवाद यांतले त्यांना किती पटले कोण जाणे. त्यांनी विचारले, “लिहिलेले काय आहे? तेवढे मला वाचून दाखव.” त्याने इंग्रजी वाक्य वाचले, आणि मग अडखळत स्वतःच त्याचे मराठी केले, दोन्ही ‘त्या’ ठेवून. सासूबाई म्हणाल्या, “मग वही आण.” त्याने आणली. त्यांनी स्वतः काही खोडले नाही. पेन त्याच्या हातात दिले. त्याने ‘विजय’वर एक रेघ मारली, आणि बराच वेळ तो कोणाशी बोलला नाही. दुपारी जेवायलाही तो उशिराच आला.

माझ्या मनाला फार लागले. चूक माझी, आणि शिक्षा पोराला. सुटी संपायला दोन दिवस उरलेले. “लहान आहे, राहू दिले असते तर?” असे मी सासूबाईंना माजघरात म्हणूनही पाहिले. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, “मी खोड म्हटले नव्हते, वही आण म्हटले होते.” आणि थोड्या वेळाने, “मामंजींनी त्या दिवशी मला वही दाखवली असती, तर मी पासष्ट वर्षे बोलत बसले नसते.”

संध्याकाळी त्यानेच पाने पिसायला घेतली. त्याआधी मात्र एक अट घातली, की साऱ्या चिठ्ठ्या पुन्हा तपासायच्या. तो इंग्रजी वाचणार, मी मराठी वाचणार, आणि सासूबाई दोन्हींत काही कमीजास्त वाटले तर थांबवणार. इंग्रजी न कळणाऱ्या बाईने कमीजास्त कसे ओळखावे, असे ह्यांनी विचारले. पण त्या ओळखत. इंग्रजी वाक्य लांब ऐकू आले आणि मराठी आखूड निघाले, की त्या बोट वर करत. त्या युक्तीने आणखी चार चिठ्ठ्या धरल्या गेल्या. नव्या चिठ्ठ्या नातवानेच लिहिल्या. अक्षर वाकडे आहे. पण ‘प्रत्येक’, ‘कोणताही एक’ आणि ‘तोच’ यांत तो आता गफलत करत नाही. ती मोहीम आम्ही उरलेल्या दिवसांत दोनदा खेळलो व दोन्ही वेळा हरलो. वहीत तसे लिहिले आहे.

एक पान मात्र अडून राहिले. आपल्या एका पात्राला दमवून, वेळ नसताना, कोणत्याही ‘एलिजिबल’ शत्रूवर तत्काळ घाव घालता येतो, असे त्यावर आहे. अर्थ उघड आहे : ज्याच्यावर त्या पात्राला एरवीही हल्ला करता आला असता असा शत्रू. पण शब्द कोणता लिहावा? नातवाने ‘योग्य शत्रू’ लिहिले, तर सासूबाई म्हणाल्या, “राक्षसांत योग्य-अयोग्य कसले पाहता?” नेमका शब्द ‘पात्र’, पण तो मी वीर आणि साथीदार या सर्वांसाठी आधीच वापरून बसले आहे. ‘पात्राने पात्र शत्रूवर’ असे लिहून पाहिले, तेव्हा चौघेही हसलो. गाडीची वेळ झाली आणि ते तसेच राहिले. परवा बंगळुराहून त्याने फोनवर ‘हल्ल्याच्या टप्प्यातला’ असे सुचवले. सासूबाईंनी ऐकून घेतले, आणि लांबी मोजायला इंग्रजी वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. ते पान दिवाळीपर्यंत पेटीत वेगळे ठेवले आहे.